चित्र कोणी काढलं – रंगानं की माणसानं?

बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंबा लागतं. बालाघाटच्या डोंगररांगेतलं हे फाट्याचं गाव. इथून एक रस्ता केजमार्गे अंबाजोगाईकडे वळतो आणि जवळच कपिलधारचा धबधबा आहे. गेल्या हिवाळ्यात या परिसरातल्या विज्ञानशिक्षकांच्या एका छोट्या शिबिराला मी गेले होते. दुपारी जेवणं झाल्यावर गणित शिकवणारे एक सर वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाचसहा पुठ्ठे घेऊन आले.

"मॅडम, चित्रकलेचं मी काही शिकलेलो नाही. एलिमेंटरीची परीक्षासुद्धा दिलेली नाही. पण हे बघा."

पुठ्ठ्यांवर ॲक्रिलिकचे रंग होते. निळा, पांढरा, काळा आणि थोडा तांबूस. कुठं नदीच्या पुरासारखे पट्टे, कुठं गोल गोल पेशींची जाळी. ब्रशचा एक फटकारा नाही. पातळ केलेले रंग एकाच पेल्यात एकावर एक ओतायचे, पेला पुठ्ठ्यावर उपडा करायचा, मग पुठ्ठा चारी बाजूंनी हळूहळू कलता करून रंग वाहू द्यायचा, अशी त्यांची पद्धत. दोन वर्षं रात्री जेवणानंतर ते हा उद्योग करत होते.

शेजारचे एक शिक्षक हसून म्हणाले, "सर, हे काढलेलं नाही, सांडलेलं आहे!"

सगळे हसले, सरही हसले. पण नंतर चहाच्या वेळी त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला – ही पेशींसारखी जाळी का पडते, आणि एखाद्या दिवशी का पडत नाही? दुसरा – रंग आपोआप वाहतो आणि नक्षी आपोआप पडते, तर मग हे चित्र माझं म्हणायचं का?

पहिल्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मी तिथंच दिलं. दुसरा प्रश्न मात्र घरी घेऊन आले. त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं, की दोन्ही प्रश्नांचा इतिहास एकच आहे. तो इतिहास बऱ्याच अंशी अशा माणसांचा आहे, ज्यांना ते करत असलेली गोष्ट कोणीच शिकवलेली नव्हती.

पाण्यावरची चित्रं

वाहत्या रंगानं चित्र काढणं ही काही आजची कल्पना नाही, आणि त्यासाठी फार दूर जायचीही गरज नाही. सतराव्या शतकात मांजरसुंब्याच्या दक्षिणेला, भीमेपलीकडे विजापूरला (आजचं विजयपुरा) आदिलशाही होती. तिथल्या चित्रकारांनी 'अबरी' नावाच्या तंत्राचा असा काही वापर केला, की त्याला तोड सापडणं कठीण. 'अब्र' म्हणजे फारसीत ढग. अबरी म्हणजे ढगाळ नक्षीचा कागद.

जुन्या जाड वह्यांच्या पुठ्ठ्यांवर किंवा हिशेबाच्या चोपड्यांच्या आतल्या बाजूला असा संगमरवरी नक्षीचा कागद तुम्ही पाहिला असेल. तो करण्याची रीत अशी. पसरट भांड्यात डिंकासारखा पदार्थ घालून जरा दाट केलेलं पाणी घ्यायचं. त्यावर रंगाचे थेंब सोडायचे. थेंब बुडत नाहीत, पाण्यावर चकतीसारखे पसरतात. काडीनं किंवा फणीनं त्यांना हलवलं की लाटा, पिसं, पानं तयार होतात. मग वरून कागद अलगद टेकवायचा आणि उचलायचा. पाण्यावरची नक्षी कागदावर उतरते.

अशी कला जपानमध्येही फार पूर्वीपासून होती. तुर्कस्तानात ती 'एब्रू' म्हणून ओळखली जाते आणि २०१४ साली युनेस्कोनं तिची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. पण बहुतेक ठिकाणी या कागदाचा उपयोग सुलेखनाच्या कडेला किंवा पुस्तकाच्या बांधणीत होई. दख्खनच्या चित्रकारांनी एक पाऊल पुढं टाकलं. त्यांनी कागदाचा काही भाग डिंकानं किंवा कापलेल्या कागदाच्या साच्यानं झाकला आणि उघड्या भागावरच अबरी उमटवली. त्यातून माणसं, प्राणी, अख्खे प्रसंग तयार झाले. हाडं वर आलेला मरतुकडा घोडा हा त्यांचा आवडता विषय. घोड्याचं सगळं अंग वाहत्या रंगाच्या रेषांनी भरलेलं, आणि त्या रेषा जणू बरगड्याच वाटतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०१५ साली दख्खनच्या सुलतानांच्या काळातल्या कलेचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात अशी चित्रं जगानं पाहिली.

या कारागिरांना काय काय माहीत असायला हवं होतं, याचा विचार करा. नुसता रंग पाण्यावर पसरत नाही. त्यात गुरांच्या पित्तासारखा पदार्थ थोडा मिसळावा लागतो. तो कमी पडला तर थेंब बुडतो, जास्त झाला तर रंग सगळीकडे पसरून फिका पडतो. शेवटी टाकलेल्या रंगात पित्त जास्त असेल तर तो आधीच्या रंगांना ढकलून आपली जागा करून घेतो. म्हणजे कोणता रंग आधी आणि कोणता नंतर, याचाही हिशेब असतो. पाण्यावर धूळ किंवा तेलकटपणा असेल तर सगळं बिघडतं.

हे सगळं का होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. पण काय केलं की काय होतं, हे बिनचूक माहीत होतं.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

'का' या प्रश्नाचं उत्तर यायला दोनशेहून अधिक वर्षं लागली. पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना धरून असतात. त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. यालाच आपण पृष्ठताण म्हणतो. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबण किंवा पित्तातले क्षार मिसळले की तो पुष्कळ कमी होतो. पृष्ठभागावर एका जागी ताण कमी आणि शेजारी जास्त असेल, तर जास्त ताणाची बाजू द्रवाला आपल्याकडे ओढते. थेंब पसरतो तो असा. १८५५ साली जेम्स थॉमसन यांनी या परिणामाकडे लक्ष वेधलं. पुढं १८६५ साली इटलीत कार्लो मारांगोनी यांनी पाव्हियाच्या विद्यापीठात प्रबंध सादर केला. त्याचा विषयच होता एका द्रवाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या द्रवाचे थेंब कसे पसरतात हा. म्हणजे अबरीच! आज या परिणामाला मारांगोनींचंच नाव आहे.

पण हे मोजायचं कसं? इथं आपल्या गोष्टीत एक बाई येतात. आग्नेस पोकेल्स यांचा जन्म १८६२चा. त्या जर्मनीत ब्राउनश्वाइग शहरात आई-वडिलांसोबत राहत. विज्ञानाची ओढ होती, पण त्या काळी तिथं मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. आई-वडील आजारी असत, घरचं सगळं यांच्याकडे. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकायला गेला, त्याच्याकडून पुस्तकं मिळवून त्या वाचत.

खरकटी भांडी धुताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी एक साधं उपकरण केलं. साधारण ७० सेंटिमीटर लांबीचं, अरुंद, पत्र्याचं पन्हाळ काठोकाठ पाण्यानं भरायचं. त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की पृष्ठभागावरचा तेलकट थर दाबला जातो किंवा मोकळा होतो. पाण्याला टेकलेली एक लहान चकती वर उचलायला किती वजन लागतं, ते तराजूनं मोजायचं. त्यावरून पृष्ठताण कळतो.

जवळजवळ दहा वर्षं त्यांनी अशी मोजमापं केली. ती छापायला कोणी नव्हतं. जानेवारी १८९१मध्ये त्यांनी इंग्लंडमधले नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांना पत्र लिहिलं, कारण तेही याच विषयावर काम करत होते. रेले यांनी ते पत्र कपाटात ठेवलं नाही. भाषांतर करवून घेतलं आणि घरगुती साधनांनी या बाईंनी मोलाचं काम केलं आहे, अशी शिफारस जोडून 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं. मार्च १८९१मध्ये ते छापून आलं. पुढं अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी पृष्ठभागावरच्या एका रेणूएवढ्या जाडीच्या थरांचा अभ्यास केला, त्यात पोकेल्सबाईंच्या रीतीचा मोठा वाटा होता. लँगम्यूर यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी पोकेल्स यांना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या.

पोकेल्सबाईंची पत्र्याची पट्टी आणि विजापूरच्या कारागिराचा शेवटचा थेंब यांचं काम एकच आहे. दोन्ही पृष्ठभागावरचा आधीचा थर दाबतात. फरक इतकाच, की पोकेल्सबाईंनी दर वेळी तो दाब मोजून वहीत लिहून ठेवला.

अपघात, पण नेमानं होणारा

आता थोडं पश्चिमेकडे जाऊ. पाण्यावर रंग सोडण्याऐवजी रंगावरच रंग ओतायचा, हा प्रकार आधुनिक चित्रकलेत ठळकपणे आणला तो मेक्सिकोच्या दाविद आल्फारो सिकेरोस यांनी. भव्य भित्तिचित्रांसाठी ते प्रसिद्ध होते. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी एक प्रायोगिक कार्यशाळा चालवली. तिथं मोटारींना लावायचे नायट्रोसेल्युलोजचे रंग आडव्या फळीवर एकावर एक ओतून बघत. काही वेळानं वरचा रंग खाली आणि खालचा वर येऊन शिंपल्यांसारखी, पेशींसारखी नक्षी उमटे. सिकेरोस याला अपघाती चित्रण म्हणत. कार्यशाळेत येणाऱ्या तरुणांमध्ये जॅक्सन पोलॉक होते. पुढं जमिनीवर कॅनव्हास पसरून त्यावर रंगाच्या धारा सोडणारे चित्रकार म्हणून ते जगभर गाजले.

सिकेरोस आणि पोलॉक दोघांनीही चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. पण या बाबतीत ते शिक्षण उपयोगी नव्हतं. ओतलेला रंग कसा वागेल हे शिकवणारा गुरू कोणत्याच कलाशाळेत नव्हता.

सिकेरोसना जे सापडलं, ते नेमकं काय होतं? या प्रश्नाचं उत्तर २०१५ साली छापून आलं, तेही मेक्सिकोतूनच. तिथल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातले द्रवगतिकीचे अभ्यासक रोबेर्तो झेनीत, कला-इतिहासाच्या अभ्यासक सान्द्रा झेतिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकेरोस यांची कृती प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिली. उत्तर असं – जड द्रव वर आणि हलका खाली असेल, तर ती मांडणी टिकत नाही. वरचा थर हळूच खाली घुसू लागतो, खालचा फटीफटीतून वर येतो. या अस्थिरतेचं गणित रेले यांनी १८८३ सालीच मांडलं होतं. होय, पोकेल्सबाईंचं पत्र छापवून आणणारे तेच रेले. १९५० साली जी. आय. टेलर यांनी त्याचा विस्तार केला, म्हणून तिला रेले-टेलर अस्थिरता म्हणतात.

आता रंगाच्या पेल्याकडे वळा. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याची घनता पाण्याच्या सुमारे चौपट. काळ्या रंगात काजळीसारखा कार्बन असतो. त्याची घनता पाण्याच्या दुपटीहूनही थोडी कमी. म्हणून तयार रंगांतही पांढरा सहसा जड आणि काळा हलका निघतो. काळ्याच्या थरावर पांढरा ओतला की तो खाली जाऊ पाहतो आणि जाळी पडते. क्रम उलटा केला तर जड थर आधीच तळाशी असतो, त्यामुळे रंग शांत पडून राहतात. थराची जाडी आणि रंगाची दाटी बदलली की पेशी लहान-मोठ्या होतात. म्हणजे ज्याला अपघात म्हटलं, तो नियमानं होणारा अपघात होता. मांजरसुंब्याच्या सरांच्या पहिल्या प्रश्नाचं मोठं उत्तर इथंच आहे. एखाद्या दिवशी जाळी पडत नाही, कारण त्या दिवशी ओतण्याचा क्रम किंवा पाण्याचं प्रमाण बदललेलं असतं.

पेशी दिसली म्हणून कारण तेच नव्हे

पण इथं सावध राहायला हवं. पेशींची जाळी दिसली की एकच कारण असेल, असं समजू नये. याचा एक छान दाखला विज्ञानाच्या इतिहासातच आहे.

१९००च्या सुमारास फ्रान्समध्ये आँरी बेनार यांनी देवमाशाच्या मेणाचा सुमारे मिलिमीटरभर जाडीचा थर खालून तापवला. वितळलेल्या मेणात मधमाशांच्या पोळ्यासारखे सुबक षट्कोन तयार झाले. १९१६ साली रेले यांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं. खालचा द्रव तापून हलका होतो, वर येतो, वरचा गार द्रव खाली जातो. गणित देखणं होतं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. पण १९५६ साली ब्लॉक यांनी प्रयोगानं आणि १९५८ साली पिअर्सन यांनी गणितानं दाखवून दिलं, की इतक्या पातळ उघड्या थरात खरं काम पृष्ठताण करतो. तापमानातल्या फरकामुळे पृष्ठभागावर जागोजागी ताण कमी-जास्त होतो आणि द्रव ओढला जातो. मारांगोनींचाच परिणाम! रेले यांचं गणित चुकीचं नव्हतं, ते जाड थरांना लागू पडतं. बेनार यांच्या थराला मात्र ते लागू नव्हतं. हे कळायला चाळीस वर्षं गेली. द्रवांच्या अशा निरनिराळ्या अस्थिरतांचं सविस्तर गणित पुढं सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९६१ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात एकत्र मांडलं.

मराठवाड्यातल्या वाचकांना आणखी एक जाळी चांगली ओळखीची आहे. पाऊस दगा देतो, तळं आटतं आणि तळाच्या काळ्या मातीला भेगा पडतात. तीही पेशींसारखीच दिसते. पण तिथं काहीच वाहत नाही. माती वाळून आकसते आणि तडकते. सरांच्या एका पुठ्ठ्यावर अशाही भेगा होत्या, आणि त्यांना ती वेगळ्या जातीची 'पेशी' वाटत होती. मी म्हटलं, "सर, ही पेशी नाही, हा दुष्काळ आहे. थर जाड झाला, वरचा भाग आधी वाळला आणि आकसला."

ॲक्रिलिक आलं कुठून?

सर जो रंग वापरतात, त्याचाही थोडा इतिहास सांगायला हवा. जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो रोम यांनी १९०१ साली ॲक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकांवर प्रबंध लिहिला. १९०७ साली ओटो हास यांच्यासोबत त्यांनी कंपनी काढली. १९३०च्या दशकात ॲक्रिलिकची काचेसारखी पारदर्शक तावदानं बाजारात आली. चित्रकारांसाठी अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या अखेरीस बोकूर आणि गोल्डन यांनी 'मॅग्ना' हा ॲक्रिलिक रंग आणला. तो मात्र टर्पेंटाइनसारख्या द्रावकात पातळ करावा लागे. मॉरिस लुई यांनी तोच रंग अस्तर न लावलेल्या कॅनव्हासवर ओतून मोठी अमूर्त चित्रं केली. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५०च्या दशकाच्या मध्याला आले.

पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, साधारण दुधातल्या स्निग्ध कणांसारखे. पाणी उडालं की कण जवळ येतात, एकमेकांना चिकटतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ओतून चित्र काढणाऱ्याला हे फार सोयीचं. रंग ओला असेपर्यंत वाहतो, वाळला की जिथल्या तिथं थांबतो. त्याला वास कमी, पातळ करायला पाणी पुरतं, आणि तो गावच्या बाजारातही मिळू लागला. घरच्या घरी, कोणाकडे न शिकता हा प्रयोग करणारी माणसं जगभर दिसू लागली, त्याचं एक कारण या रसायनात आहे.

थांबायचं कधी?

आता दुसरा प्रश्न. चित्र कोणाचं?

आपल्याकडच्या एका मोठ्या चित्रकाराची आठवण इथं उपयोगी पडेल. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४चा, नागपूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. पण ज्या चित्रांसाठी ते ओळखले जातात, ती त्यांनी रोलर आणि रंग खरवडायची सुरी वापरून केली. रंगाचे थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. ओल्या रंगाला थोडं स्वातंत्र्य द्यायचं. ही रीत त्यांची त्यांनीच शोधली. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत, वस्तुनिरपेक्ष म्हणत. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं होत. बाकीचा वेळ ते विचार करण्यात आणि वाट पाहण्यात घालवत. २००१ साली ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

गायतोंडे यांच्याशी सरांची तुलना करायचा माझा हेतू नाही. सांगायचं आहे ते असं, की रंगाला वाहू देणं आणि चित्र काढणं यांत विरोध नाही. द्रव आपल्या नियमानं वागतो. पण कोणता रंग घ्यायचा, कोणता वर आणि कोणता खाली, किती पाणी, पुठ्ठा किती कलता करायचा आणि कधी थांबायचं, हे रंग ठरवत नाही. विजापूरच्या चित्रकारानं घोड्याची आकृती सोडून बाकी कागद झाकला, तो त्याचा निर्णय होता. आतल्या रेषा पाण्यानं काढल्या. तरी त्या चित्राला आपण पाण्याचं चित्र म्हणत नाही.

वैज्ञानिकाचंही असंच असतं. पोकेल्सबाईंनी पाण्याला काही शिकवलं नाही. पाणी जसं वागायचं तसंच वागलं. त्यांनी परिस्थिती अशी रचली, की पाण्याला आपलं गुपित सांगावं लागलं.

मला एकच कसोटी सुचते. हवी ती नक्षी हवी तेव्हा पुन्हा आणता येते का, आणि नको तेव्हा टाळता येते का? शंभर टक्के नाही, पण बऱ्यापैकी? येत असेल तर ते सांडणं नाही. ती सांडलेल्या रंगावर मिळवलेली हुकमत आहे. आणि ती कोणत्या शाळेत मिळवली, हा प्रश्न गौण आहे.

वर्गात करून पाहण्यासारखं

शिक्षक मित्रांनो, यातलं बरंचसं वर्गात दाखवता येईल, आणि खर्चही फारसा नाही.

ताटलीत दूध घ्या, त्यावर खाण्याच्या रंगाचे थेंब टाका आणि मधोमध भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब सोडा. रंग कडेला पळतील. हा पृष्ठताणाचा खेळ.

काचेच्या ग्लासात साधं पाणी स्थिर होऊ द्या आणि पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून शाईचा एक थेंब सोडा. तो खाली उतरताना त्याला फाटे फुटतील. मग दुसऱ्या ग्लासात भरपूर मीठ विरघळवून तोच प्रयोग करा. शाई वरच तरंगत राहील. जड वर, हलकं खाली आणि त्याच्या उलट, हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल.

पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक असेल तर सुई नसलेल्या सिरिंजनं प्रत्येक रंग ५ मिलिलिटर घ्या आणि सोनाराच्या किंवा प्रयोगशाळेच्या काट्यावर तोला. वजनाला ५ नं भागलं की घनता मिळते. मग कोणता रंग कोणावर ओतला तर जाळी पडेल, याचा अंदाज आधी वहीत लिहायला लावा आणि नंतर ओता. अंदाज चुकला तर जास्त चांगलं. का चुकला, यावर अख्खा तास जाईल. उरलेला रंग मात्र गटारात ओतू नका, वाळवून कचऱ्यात टाका.

परतीच्या वेळी मी सरांना विचारलं होतं, "कोणत्या पुठ्ठ्यावर काय प्रमाण होतं, ते लिहून ठेवलंय का?"

ते जरा संकोचले. मग पिशवीतून दोनशे पानी वही काढली. गणिताच्या शिक्षकाला शोभेल असे आखलेले रकाने होते. तारीख, रंग, पाण्याचे चमचे, ओतण्याचा क्रम, ऊन की सावली, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. बऱ्याच ओळींपुढं 'फसलं' असं लिहिलेलं होतं. तरी खालच्या ओळीत प्रमाण थोडं बदलून पुन्हा तोच प्रयोग होता.

सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला सुचलं नव्हतं. आता सांगते. रंग वाहिला तो त्याच्या नियमानं, पण ती वही तुम्ही लिहिली. चित्र तुमचंच आहे.